धुराचा पत्ता

चंद्रपूरहून मोहर्लीच्या रस्त्याला लागलं की शहर संपता संपता दुर्गापूर येतं. डांबरावर कोळशाची भुकटी, ती बसावी म्हणून टँकरने मारलेलं पाणी, ताडपत्री आवळलेल्या ट्रकांची रांग, खुल्या खाणीतून उपसलेल्या मातीचे ढीग आणि या सगळ्याच्या वर उभ्या असलेल्या सुपर थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या. थोडं पुढे पद्मापूरला वनखात्याचा नाका आहे आणि त्यापलीकडे ताडोबाचं जंगल. वाघ बघायला निघालेल्या जिप्सी आणि कोळसा वाहणारे ट्रक इथे एकमेकांना वाट देत जातात. वाघही ही हद्द मानत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीजकेंद्राच्या आवारातच वाघाने एका कामगाराचा जीव घेतला होता.

संपादकांनी या अंकासाठी ‘वाढ’ हा विषय दिला, तेव्हा मनात पहिल्यांदा आला तो एक जुना वाद. गरीब देशाची अर्थव्यवस्था वाढायची तर कोळसा जाळावाच लागतो, असं एक बाजू म्हणते. आता तशी गरज उरलेली नाही, असं दुसरी बाजू सांगते. हा वाद बहुधा परिषदांच्या सभागृहात रंगतो. मला तो जिथे कोळसा खरोखर जळतो आणि जिथे त्याची वीज वापरली जाते, त्या दोन्ही टोकांना जाऊन बघावासा वाटला. म्हणून चंद्रपूर, कोरपना आणि वैजापूर.

रेक, संच आणि न दिसणारा धूर

महानिर्मितीच्या या केंद्रात आज सात संच आहेत. २१० मेगावॉटचे दोन, ५०० मेगावॉटचे पाच, एकूण २,९२० मेगावॉट. महानिर्मितीचं राज्यातलं हे सर्वांत मोठं केंद्र. पाणी इरई धरणाचं, कोळसा मुख्यतः आसपासच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींचा. ५०० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला, तर त्याला सुमारे ८ हजार टन कोळसा लागतो. मालगाडीचा एक रेक साधारण ४ हजार टनांचा असतो. म्हणजे एका संचासाठी रोज दोन रेक आले पाहिजेत, पावसाळ्यातही. खाणीत पाणी भरलं, कोळसा ओला झाला, मिल चोंदली की संच खाली येतो आणि कुठल्या तरी तालुक्याला भारनियमन सोसावं लागतं.

कोळसा बंकरमधून मिलमध्ये उतरतो, तिथे मैद्यासारखा बारीक दळला जातो आणि गरम हवेच्या झोताने बॉयलरच्या भट्टीत फुंकला जातो. भट्टीच्या भिंती म्हणजे पाण्याच्या नळ्या. त्यातून निघालेली वाफ टर्बाइन फिरवते, मिनिटाला ३,००० फेरे. आपल्याकडचा कोळसा राखेने जड आहे. १०० किलो जाळला तर ३० ते ४० किलो राख उरते. खाणीतून खणून, रेल्वेने ओढून, दळून आपण जे भट्टीत घालतो, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा जळतच नाही. ती राख काही प्रमाणात कोरडी उचलून सिमेंट कारखान्यांना जाते, उरलेली पाण्यात कालवून राखेच्या बंधाऱ्यात सोडली जाते. उन्हाळ्यात बंधारा वाळला आणि वारा सुटला की आजूबाजूच्या घरांत ताटावर राख बसते. राख वापरलीच पाहिजे असा पहिला आदेश केंद्राने १९९९ मध्ये काढला. २०२१ मध्ये तो आणखी कडक करून सगळी राख वापरण्याची सक्ती झाली.

वीजकेंद्र बघायला गेलेला माणूस कूलिंग टॉवरवरचे पांढरे लोट बघून थबकतो आणि त्यांचाच फोटो काढतो. वर्तमानपत्रांत प्रदूषणाच्या बातमीबरोबर बहुधा तोच फोटो असतो. ते लोट निव्वळ पाण्याच्या वाफेचे आहेत. ज्या वायूसाठी जग परिषदा भरवतं तो उंच चिमणीतून जातो आणि त्याला रंग नाही, वास नाही. कोळशातला १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणून राखेचं वजन वजा करूनही बाहेर पडणारा वायू जाळलेल्या कोळशापेक्षा जड भरतो. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण चालला तर दिवसाला १२ हजार टनांच्या आसपास.

हे न दिसणं फार महत्त्वाचं आहे. चंद्रपुरातली माणसं धुळीविरुद्ध, राखेविरुद्ध, खाणीतल्या स्फोटांनी भिंतींना जाणाऱ्या तड्यांविरुद्ध वर्षानुवर्षं भांडत आली आहेत. रस्त्यालगतच्या शेतातला कापूस कोळशाच्या भुकटीने काळवंडतो आणि बाजारात त्याचा भाव पडतो, हे शेतकरी तहसीलदारांना दाखवू शकतात. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक परिसरांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर देशात चौथं आलं होतं. त्या निर्देशांकात हवा, पाणी, जमीन सगळं मोजलं गेलं. कार्बन डायऑक्साइडविरुद्ध मात्र इथे मोर्चा निघत नाही आणि निघावा कसा? तो इथे कोणाच्या छातीत भरत नाही.

अर्थशास्त्रात एक आशादायक मांडणी आहे. सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये विषमतेबद्दल एक वक्ररेषा सुचवली होती. देश श्रीमंत होताना विषमता आधी वाढते आणि मग उतरते. १९९१ मध्ये जीन ग्रॉसमन आणि अॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांना प्रदूषणाच्या आकड्यांत तसाच आकार दिसला. लोक आधी पोट भरतात, मग स्वच्छ हवा मागतात, सरकारला ऐकावं लागतं आणि प्रदूषण उतरू लागतं. गंधकाच्या धुराबाबत, काजळीबाबत बऱ्याच देशांत असं झालंही. कार्बनबाबत या रेषेवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. त्या मांडणीचा सगळा जोर लोकांच्या तक्रारीवर आहे आणि इथे तक्रार करणारा माणूसच चिमणीच्या पायथ्याशी नाही. कार्बनचं नुकसान भलत्याच ठिकाणी, भलत्याच पिढीच्या वाट्याला येतं.

अर्थात ते चंद्रपूरला येतच नाही असंही नाही. मे महिन्यात इथला पारा ४६-४७ अंशांपुढे जाणं आता नवं राहिलेलं नाही. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं आणि संच बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये परळीचं वीजकेंद्र पाण्याअभावी बंद पडलं. कोळशाच्या विजेला पाणी लागतं आणि पाण्याचा भरवसा कमी होत चाललाय.

मधे न थांबणारी तार

चंद्रपूरजवळून एक वेगळी तार निघते. इतर उच्चदाब वाहिन्यांसारखी ती उपकेंद्रा-उपकेंद्रावर थांबत नाही. ५०० किलोव्होल्टची ही एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून सुरू आहे. लांबी साडेसातशे किलोमीटर, क्षमता १,५०० मेगावॉट. विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र ओलांडून ती थेट भिवंडी तालुक्यात पडघ्याला उतरते, मुंबई-ठाण्याच्या उंबरठ्यावर. तिच्याखालच्या हजारो शेतांतून तिचे मनोरे उभे आहेत, पण त्या शेतांतल्या मोटारीला तिच्यातून वीज मिळू शकत नाही, कारण एकदिश प्रवाह मधेच उतरवून घ्यायचा तर दरवेळी प्रचंड खर्चाचं रूपांतर केंद्र उभारावं लागेल. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा निर्णय बरोबरच होता. लांबच्या पल्ल्यावर एकदिश प्रवाहात गळती कमी होते.

पण विकास आणि कार्बन यांचं नातं समजून घ्यायला मला या तारेइतकं चांगलं उदाहरण सापडलं नाही. जगाच्या वाटाघाटींत भारत जे म्हणतो ते अगदी खरं आहे. भारताचं माणशी उत्सर्जन वर्षाला २ टनांच्या आसपास आहे. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या जवळ, अमेरिकेची १४ टनांच्या घरात. औद्योगिक क्रांतीपासून आजवर हवेत साठलेल्या कार्बनमध्ये जवळजवळ पाव हिस्सा अमेरिकेचा आहे, भारताचा ४ टक्क्यांहूनही कमी. १९७२ साली स्टॉकहोमच्या परिषदेत इंदिरा गांधींनी गरिबीचा प्रश्न पर्यावरणाच्या प्रश्नाशेजारी मांडला, तो याच न्यायाने. १९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीतून जगाला विचारलं की गरिबाच्या भातशेतीतून आणि गुरांतून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच तराजूत कसे तोलता? जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन यांतला हा फरक पुढे वाटाघाटींत वारंवार मांडला गेला.

हाच हिशेब मी घरात मांडून पाहिला. १४.२ किलोचा स्वयंपाकाचा सिलिंडर जळून संपला की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वर्षाला आठ सिलिंडर वापरणाऱ्या कुटुंबाचे ३४० किलो होतात. मुंबई-लंडन-मुंबई विमानप्रवासात एका प्रवाशामागे एक टनाच्या आसपास उत्सर्जन होतं. एका माणसाचा तो एक प्रवास म्हणजे चार-पाच माणसांच्या कुटुंबाचा जवळजवळ तीन वर्षांचा स्वयंपाक. चंद्रपूर-घुग्घुसच्या खाणवस्त्यांत अजून कितीतरी घरी शेगडीत कोळसा पेटतो. अशा घरातल्या बाईला सिलिंडर नियमित मिळाला तर त्याचा कार्बन देशाच्या खात्यात चढेल. चढू द्यावा. तिच्या फुप्फुसांवर कोणीही वाटाघाट करू नये.

देशाच्या सरासरीआड मात्र बरंच काही दडतं. दोन टनांची सरासरी सांगताना आपण जगाला चंद्रपूरच्या शेगडीचा दाखला देतो आणि त्या सरासरीच्या सावलीत मुंबई-पुण्यातला मोठा ग्राहक आपला वाटा सुखाने लपवतो. मीही त्याच ग्राहकांतली आहे. माझ्या घरचा एसी, लिफ्ट, लॅपटॉप यांचा धूर माझ्या पत्त्यावर निघत नाही. तो दुर्गापूरच्या पत्त्यावर निघतो.

दगडातला कार्बन

चंद्रपूरहून राजुरा, गडचांदूर, कोरपन्याकडे गेलं की जमिनीचा रंग बदलतो. हा चुनखडीचा पट्टा. आवारपूर, माणिकगड, उपरवाही अशी सिमेंट कारखान्यांची रांगच इथे आहे. इथे आल्यावर स्वच्छ विकासाचा उत्साह थोडा आवरता घ्यावा लागतो, कारण इथला प्रश्न वेगळ्या जातीचा आहे.

वीज कशापासूनही करता येते, सिमेंट तसं नाही. चुनखडी भट्टीत चौदाशे-साडेचौदाशे अंशांपर्यंत तापवली की दगडातच बांधला गेलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं ते गोळे, तयार होतं. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा या रासायनिक क्रियेचा आहे, इंधनाचा नंतर. उद्या ती भट्टी सूर्यप्रकाशावर तापवली तरी दगडातला वायू बाहेर येणारच. तूर्त हाताशी असलेला उपाय म्हणजे क्लिंकर कमी वापरणं. इथेच सुपर थर्मलची राख उपयोगी पडते. पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख मिसळता येते आणि तेवढं क्लिंकर वाचतं. चंद्रपूर जिल्ह्यात हा व्यवहार रोज चालतो, राखेचे बंद टँकर एका कारखान्याकडून दुसऱ्याकडे जात असतात. यात एक पेचही आहे. कोळशाची केंद्रं कमी होत गेली तर ही राखही कमी होईल आणि सिमेंटचा कार्बन कमी करायला दुसरं काही शोधावं लागेल.

पोलादाचंही तसंच. लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घ्यायला कार्बन वापरला जातो. कोळसा तिथे इंधनही असतो आणि कच्चा मालही. भारत स्पंज आयर्नच्या, म्हणजे खनिज न वितळवता केलेल्या लोखंडाच्या, उत्पादनात जगात पहिला आहे आणि आपलं बरंचसं स्पंज आयर्न कोळशावर होतं. घुग्घुसला ते तयार होतं, आणि आता गडचिरोलीत सुरजागडचं खनिज आणि कोनसरीचा प्रकल्प यांतून पूर्व विदर्भाला पोलादाचं केंद्र बनवण्याचं स्वप्न दाखवलं जातंय. भारतात माणशी पोलादाचा वापर १०० किलोच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या निम्माही नाही. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत तो १६० किलोवर नेण्याचं लक्ष्य ठेवलं. पूल, शाळा, पक्की घरं, रेल्वे यांतच ते पोलाद जायचं आहे. जिथे दवाखान्यापर्यंत पूल नाही अशा एटापल्ली-भामरागडच्या माणसाला पोलाद कमी वापर असं सांगायचा अधिकार कोणाला आहे?

चीनने हा रस्ता आपल्याआधी तुडवला. शहरं, महामार्ग, कारखाने सिमेंट-पोलादातून उभे केले, कोट्यवधी लोक गरिबीतून वर आले आणि माणशी उत्सर्जन ८ टनांच्या पुढे, युरोपीय संघाच्या सरासरीच्याही वर गेलं. भारताची वाढ आजवर वेगळ्या वाटेने झाली. आपल्या उत्पन्नात निम्म्याहून जास्त वाटा सेवाक्षेत्राचा आहे. हिंजवडीतल्या संगणकाला पोलादाच्या भट्टीइतका कोळसा लागत नाही. दर रुपयामागचं उत्सर्जन २००५ ते २०२० या काळात ३६ टक्क्यांनी घटल्याचं भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवलं आहे. याच काळात अर्थव्यवस्था दुपटीहून जास्त मोठी झाली, त्यामुळे एकूण उत्सर्जन वाढतच राहिलं. दोन्ही विधानं खरी आहेत आणि मंत्री त्यातलं पहिलं सांगतात, परदेशी टीकाकार दुसरं.

मला काळजी वेगळीच वाटते. सेवाक्षेत्राने कार्बन कमी ठेवला, पण शेतीतून बाहेर पडू पाहणाऱ्या कोरपन्याच्या मुलाला काम दिलं नाही. त्याला काम कारखान्यातच मिळू शकतं. तसे कारखाने खरोखर आले, आणि ते यावेतच, तर रुपयामागचं आपलं उत्सर्जन आजच्या वेगाने उतरणार नाही. या प्रश्नावर विकसनशील देशांना तयार उत्तर देणारा कोणी नाही. उलट युरोपीय संघाने जानेवारी २०२६ पासून आयात पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतांवर कार्बनचा आकार घ्यायचं ठरवलं आहे. श्रीमंत देशांना मात्र भरपूर वेळ मिळाला. ज्या ब्रिटनने १८८२ मध्ये लंडनमध्ये कोळशावरचं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू केलं आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस शेवटचं बंद केलं, त्याला या प्रवासाला १४२ वर्षं मिळाली. शिवाय ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या कितीतरी वस्तूंचा धूर आता आशियातल्या चिमण्यांतून निघतो, तो त्यांच्या वहीत चढत नाही.

रात्रपाळीची शेती

आता मराठवाड्यातलं वैजापूर. कापूस, कांदा, मका, आणि रब्बीत गहू-हरभरा. महाराष्ट्रात ४५ लाखांच्या आसपास कृषीपंप आहेत. त्यांना थ्री फेज वीज वर्षानुवर्षं आलटून पालटून मिळत आली, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. शहरात राहणाऱ्याला याचा अर्थ चटकन कळत नाही. रात्री अकराला लाइन येणार म्हणजे शेतकऱ्याने बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, स्टार्टर चालू करायचा आणि पहाटेपर्यंत वाफ्याची दारं धरायची. एक वाफा भरला की माती ओढून पाणी दुसरीकडे वळवायचं. थंडीत पाय चिखलात, बांधावर साप, जुन्नर-आंबेगावसारख्या भागात उसात बिबट्या. झोप लागली तर पाणी वाहून जातं, म्हणून बरेच जण मोटारीला ऑटो स्विच लावून घरी झोपतात. मग लाइन आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळते. जळालेली डीपी बदलून मिळेपर्यंत पीक वाळतं.

ही रात्रीची वीज कोळशाचीच असायची. दूरच्या केंद्रातून, चार ठिकाणी व्होल्टेज बदलत, गळत येणारी. महावितरणचा वीज पुरवण्याचा सरासरी खर्च युनिटमागे आठ रुपयांच्या आगेमागे पडतो. शेतकऱ्याकडून त्यातला थोडासाच घेतला जायचा, उरलेला भार सरकारी अनुदानावर आणि उद्योगांच्या चढ्या वीजदरावर. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारच भरतंय. उद्योग म्हणतात, शेजारच्या राज्यांत वीज स्वस्त आहे, आम्ही तिकडे जातो. म्हणजे एका बाजूला शेतकऱ्याची झोप जाते, दुसऱ्या बाजूला कारखाना जातो आणि मधे कोळसा जळतो.

या कोंडीवर उपाय म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, राळेगणसिद्धी त्यातलं सुरुवातीचं गाव. कल्पना साधी आहे. गावातली गायरान किंवा पडीक जमीन घ्यायची, तिथे काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज लांब न पाठवता जवळच्याच उपकेंद्राला देऊन शेतीच्या फिडरवर, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीवर, सोडायची. सूर्य असतो तेव्हा मोटारी चालतील. पहिली काही वर्षं योजना रेंगाळली, कारण जमीन मिळत नव्हती आणि पैसे वेळेवर मिळतील याची खात्री कंत्राटदारांना नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये योजना नव्याने बांधली गेली. जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. मोठ्या निविदा निघाल्या आणि ९,००० मेगावॉटची कामं युनिटला तीन रुपयांच्या आसपासच्या दराने दिली गेली. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॉटचा प्रकल्प या दुसऱ्या टप्प्यात सर्वांत आधी पूर्ण झालेल्यांपैकी. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्यासह पाच ठिकाणच्या प्रकल्पांचं लोकार्पण झालं.

अशा फिडरवरच्या शेतकऱ्यांशी बोलताना हवामानबदलाचा विषय कोणी काढत नाही. बोलतात ते दिवसाच्या लायनीबद्दल. संध्याकाळी घरी जाता येतं. बाईमाणसालाही मोटार चालू करता येते. पोरगा रात्री वावरात जायला नको म्हणायचा, आता तो दिवसा येतो. मला हे ऐकून या सगळ्या प्रश्नाची एक गाठ सुटताना दिसली. कार्बन कमी करायचा म्हणून गरिबाला काही सोडावं लागेल, असं आपण धरून चालतो. इथे त्याने काही सोडलेलं नाही, त्याला त्याची रात्र परत मिळाली आहे, आणि महावितरणला ती वीजही तीन रुपयांच्या आसपास मिळते. विकास आणि धूर यांची ताटातूट जिथे टिकेल, ती अशाच ठिकाणी.

एक भीती सांगितलीच पाहिजे. दिवसा आठ तास, पूर्ण दाबाने आणि फुकट वीज मिळाली तर विहिरी आणि बोअर उपसायला काही अडसर राहत नाही. रात्रीचा त्रास हाच आजवर पाण्याचा एक लगाम होता, फार क्रूर लगाम, पण होता. तो गेल्यावर ठिबक, पिकांची निवड आणि पाण्याचं सामूहिक मोजमाप यांवर गावांनी बसून ठरवलं नाही, तर वीज भरपूर आणि विहीर कोरडी अशी अवस्था यायला फार वर्षं लागणार नाहीत.

सात वाजल्यानंतर

२०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की देशाच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा वाटा आता जीवाश्म इंधनाशिवायचा आहे, ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत अंतर असतं. सौर पॅनेल रात्री झोपतं, कोळशाचा संच चोवीस तास चालतो. म्हणून क्षमतेत निम्मा वाटा झाला तरी प्रत्यक्ष विजेतला सुमारे ७० टक्के किंवा त्याहून जास्त भाग अजून कोळशाचाच आहे. २०२४-२५ या वर्षात देशाचं कोळसा उत्पादन पहिल्यांदा १०० कोटी टनांच्या पुढे गेलं.

कोळशाच्या संचांचं काम मात्र बदलतंय. भर दुपारी सौर वीज इतकी येते की संचांना भार उतरवायला सांगितलं जातं, ५५ टक्क्यांपर्यंत. संध्याकाळी सूर्य मावळतो, घरोघरी दिवे, मिक्सर, एसी सुरू होतात आणि त्याच संचाला तासा-दोन तासांत पूर्ण वेगाने वर यावं लागतं. हे बॉयलर एका चालीने महिनोन् महिने चालण्यासाठी बांधलेले आहेत. रोज तापणं-निवणं झालं की नळ्यांचे सांधे थकतात, गळती लागते, दुरुस्तीचा खर्च वाढतो. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटला टेकली, ती भर उन्हाळ्यात. जसजसे एसी वाढतील तसतशी संध्याकाळ कठीण होत जाईल. शहरातल्या वाचकाने कार्बनसाठी काही करायचं असेल तर ते याच वेळेचा भार हलका करण्यात आहे. धुण्याचं यंत्र, पाण्याचा पंप, गाडीचं चार्जिंग दुपारी. एसी पंचतारांकित आणि २६ अंशांवर.

साठवणुकीला सह्याद्री उपयोगी पडतो. घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. वीज स्वस्त असताना खालच्या धरणातलं पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि मागणीच्या वेळी खाली सोडून वीज करायची. घाटमाथ्यावर असे आणखी बरेच प्रकल्प आता आखले जातायत, बॅटऱ्यांच्या निविदाही निघतायत. प्रत्येक जागेवर जंगल आणि गाव यांचे प्रश्न उभे राहणार आहेत. दुर्गापूरचा भार कमी करताना तो मुरबाड-अकोले तालुक्यांच्या डोंगरातल्या वाडीवर न विचारता टाकला जाऊ नये.

४०० रुपयांचं काय झालं

पुन्हा चंद्रपूर. वीजकेंद्राच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर सकाळच्या पाळीचे कंत्राटी कामगार भेटतात. कोळसा हाताळणी, राख, साफसफाई, देखभाल ही कामं मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे आहेत. त्यांना सौर ऊर्जा नको आहे असं नाही. संच बंद होतात तेव्हा कायम कर्मचाऱ्याची बदली होते, कंत्राटी माणसाचा पास रद्द होतो, एवढंच त्यांचं म्हणणं. टपरीवाला, टायरचं दुकान, ट्रकमालक, खोल्या भाड्याने देणारे, यांना तर तो पासही नाही. सौर पार्क उभा राहताना काम मिळतं, पण उभा राहिल्यावर पॅनेल धुवायला आणि राखायला थोडीच माणसं लागतात, आणि तो पार्क चंद्रपूरला नाही, वैजापूरला आहे.

या माणसांसाठी पैसा नव्हता असं म्हणता येत नाही. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर बसवला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. पूर्ण भाराने चाललेला ५०० मेगावॉटचा एकच संच या दराने दिवसाला ३२ लाख रुपये भरायचा. हा पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकर राज्यांच्या महसुली तुटीची भरपाई करायला वळवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द होऊन कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. हा पैसा आजही कोळशातूनच येतो आणि कोळशाच्या जिल्ह्यासाठी राखून ठेवलेला नाही. रेल्वेचंही तसंच, तिच्या मालवाहतुकीत जवळजवळ निम्मा कोळसा आहे आणि त्याच्या भाड्यावर प्रवासी तिकीट स्वस्त राहतं. कोळसा थांबेल त्या दिवशी वीजकेंद्राइतकाच पॅसेंजर गाडीचा प्रश्नही उभा राहील.

तरी जिल्ह्याच्या हातात एक साधन आहे. २०१५ च्या कायदा दुरुस्तीनंतर प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झालं. खाणमालकांकडून स्वामित्वधनाच्या प्रमाणात त्यात पैसे जमा होतात आणि ते खाणबाधित भागातच खर्च करायचे असतात. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य ही कामं नियमातच लिहिली आहेत. या निधीतून आज पांदण रस्ते आणि सभागृहं बांधली जातात तेव्हा मला तळमळ होते. दुर्गापूर, घुग्घुस, माजरी, राजुऱ्याच्या आयटीआयमध्ये बॅटरी, इन्व्हर्टर, उच्चदाब वाहिन्या यांचे अभ्यासक्रम याच पैशांतून उभे राहू शकतात. कोळसा काढून झालेल्या खाणींच्या मातीच्या ढिगांवर, रिकाम्या राखबंधाऱ्यांवर सौर प्रकल्प उभारता येतात. चंद्रपूरला आधीच मोठ्या वाहिन्या आणि उपकेंद्रं आहेत, पडघ्याची तार आहे. नव्या विजेला बाहेर न्यायची सोय इथे तयार आहे.

केंद्रातले पहिले दोन संच केव्हाच निवृत्त झाले. तिसरा आणि चौथा ऐंशीच्या दशकातले, त्यांचीही वेळ फार दूर नाही. ५०० मेगावॉटच्या संचांना अजून अवधी आहे, आणि संध्याकाळच्या विजेसाठी त्यांची गरजही बराच काळ भासेल. या प्रत्येक संचाची निवृत्तीची तारीख महानिर्मितीने आणि सरकारने आजच जाहीर करावी, दहा वर्षं आधी. त्या आदेशाबरोबर एक यादी जोडलेली असावी: त्या संचावर किती कंत्राटी कामगार आहेत, त्यांचं वय काय, कोण कुठल्या गावचा, आणि कोणाला कुठलं काम शिकवायला कधीपासून सुरुवात होणार आहे.